मधल्या कप्प्यातला डबा

गाझियाबादच्या त्या दूध कारखान्यात आलेला टँकर उतरवायचा की परत पाठवायचा, हे बत्तीस वर्षं सुधन्वा गोवंड्यांचं नाक ठरवत आलं. हापूड, खुर्जा, बुलंदशहराकडून पहाटे निघालेले टँकर सकाळी आठच्या सुमारास फाटकाशी लागायचे. सुधन्वा शिडी चढायचा, झाकण उघडायला सांगायचा, वाकून एक श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "उतार लो." किंवा मग, "ले जाओ." प्रयोगशाळेच्या तपासण्या त्यानंतर होत, पण प्रयोगशाळेने त्याचं म्हणणं खोडून काढल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ड्रायव्हर आपसांत म्हणायचे, "मराठा साहब की नाक पर सरकारी मोहर लगी है."

गोठून वितळलेलं दूध तो नुसतं पाहून ओळखायचा. शीतपेटीच्या कडेला लागून दूध कधीकधी बर्फ होतं. मग कोणीतरी ते गुपचूप वितळवून बाकीच्यात मिसळतो. वरवर काही फरक नसतो. पण काचेच्या नळीत धरलं की चरबीचे बारीक कण तरंगताना दिसतात. "एकदा गोठलं की ते दूध पहिलं राहत नाही," असं तो नव्याने लागलेल्या पोरांना सांगायचा.

घरी मात्र त्याने हा उद्योग कधी केला नाही. बायकोने, सुनीतीने, एखाद्या उन्हाळ्यात पातेलं पुढे केलं, "बघा हो, नासलंय का?" तर तो हात झटकायचा. "घरचं दूध तपासायचं नसतं. उकळायचं आणि प्यायचं."

गोवंडे मूळचे साताऱ्याकडचे. वडील सरकारी कचेरीत कारकून होऊन दिल्लीला आले आणि करोल बागेत दोन खोल्यांत राहिले. सुधन्वा नऊ वर्षांचा असताना ते गेले. थोरला राजाभाऊ तेव्हा एकोणीसचा. त्याने कॉलेज सोडलं, वडिलांच्या जागी त्याच कचेरीत चिकटला, आईला आणि धाकट्याला सांभाळलं. सुधन्वाला कर्नालला दुग्धव्यवसायाच्या पदविकेला घातलं ते त्यानेच, आणि सुनीतीचं स्थळ पसंत केलं तेही त्यानेच. तेव्हापासून गोवंड्यांच्या दोन्ही घरांत एकच पद्धत होती. भाड्याचं घर सोडून फ्लॅट घ्यायचा का, पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, गाडी कुठली घ्यायची, काहीही असलं की, "दादाला विचारा." आणि दादाने एकदा सांगितलं की विषय संपला. सुधन्वाला त्यात कधी ओझं वाटलं नाही. ज्याच्यासाठी कोणी उन्हात उभं राहिलेलं असतं, त्याला त्या सावलीचा हिशेब करावासा वाटत नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला शौचावाटे रक्त जाऊ लागलं. आधी मूळव्याध म्हणून अर्धं वर्ष काढे झाले. मग दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा कळलं की मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर व्रण आहेत. आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच आतड्यावर उलटते, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या झाल्या, एनिमा झाले. स्टिरॉइडने तोंड सुजून पुरीसारखं झालं, आणि डोस कमी केला की रक्त पुन्हा हजर. आणखी एक औषध दिलं, तर त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या. दिवसातून दहा-दहा, बारा-बारा वेळा जावं लागायचं. शिडीवर अर्ध्यात टँकर सोडून तो धावत सुटायचा आणि खाली उभे असलेले ड्रायव्हर मान फिरवायचे. ते हसले असते तर बरं वाटलं असतं, असं तो एकदा सुनीतीला म्हणाला होता. मेट्रोच्या कुठल्या स्टेशनात स्वच्छतागृह कुठे आहे हे त्याला पाठ झालं होतं. दुधात आयुष्य काढलेल्या माणसाचं दूध तुटलं, चहासुद्धा कोरा झाला.

आठ वर्षं अशी गेली. मग दिल्लीतल्या एका रुग्णालयातले डॉ. भसीन भेटले. त्यांनी बायोलॉजिक औषधाची गोष्ट काढली.

"ये गोली नहीं है, गोवंडे साहब," ते म्हणाले. "प्रोटीन है. जिंदा सेल्स में बनता है. आपके शरीर में जो सूजन की आग लगाने वाला संदेश है, उसको ये पकड़ लेता है."

आधी क्षयाची तपासणी झाली, काविळीची झाली, छातीचा फोटो झाला. सगळं ठीक निघाल्यावर इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्यांदा मोठा डोस, मग दर पंधरा दिवसांनी एक पेन. पेनासारखंच दिसणारं ते यंत्र पोटाला लावून दाबायचं, दहा सेकंद धरायचं. औषध फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायचं. ऊन लागू द्यायचं नाही आणि गोठूही द्यायचं नाही. गोठलं तर वितळवून वापरायचं नाही, टाकून द्यायचं, असं नर्सने दोनदा बजावलं.

सुधन्वा त्या दिवशी कित्येक महिन्यांनी हसला. "सिस्टर, जिंदगी भर यही तो किया है."

घरी येऊन त्याने फ्रीजचा मधला कप्पा रिकामा केला. कडीचा स्टीलचा डबा आणला, त्यात औषधाचं खोकं ठेवलं, कोणाचा हात लागू नये म्हणून कडी लावली. शेजारी थर्मामीटर. फ्रीजच्या दारावर एक कागद, त्यावर सकाळ-संध्याकाळचे अंश. त्यांची मुलगी स्वानंदी गुरुग्रामला नोकरीला होती, ती शनिवारी आली आणि कागद पाहून म्हणाली, "बाबा, तुम्ही घरात पण प्लँट खोललाय, यार."

इंजेक्शन सुनीती द्यायची. रविवारी सकाळी नऊ वाजता. अर्धा तास आधी पेन बाहेर काढून ठेवायचं, स्पिरिटचा कापूस फिरवायचा, पोटाची चिमूट धरायची.

"डोळे मिटा."

"मी काय लहान आहे?"

"मिटा म्हणते ना."

तो मिटायचा. टक् असा आवाज, मग दहा आकडे ती मोठ्याने मोजायची. अकरावा आकडा ती कायम "झालं" असा म्हणायची.

चार महिन्यांत रक्त थांबलं. सहाव्या महिन्यात तो वैशालीहून मेट्रोत बसला आणि एकदाही न उतरता करोल बागेला पोहोचला. दादाच्या दारात उभा राहून त्याने ही बातमी अशी सांगितली, जशी दुसरं कोणी बढतीची सांगेल. इंदुमती वहिनींनी दुधाचा चहा केला. कप दोन्ही हातांत धरून तो प्यायला.

त्या चहावरच सगळं बिघडलं म्हणायचं. खुशीत आलेला सुधन्वा औषधाचं कौतुक सांगत बसला. ते कसं तयार होतं, एका उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवतात आणि त्यांच्याकडून हे प्रथिन बनवून घेतात, आपल्याकडे दही लावतो तसंच थोडंफार.

"म्हणजे गणपतीचं वाहन तुझ्या पोटात," राजाभाऊ म्हणाला.

"आणि गणपतीचं पोट तुझ्याकडे, दादा."

दोघं भाऊ हसले. वहिनी हसल्या नाहीत. "उंदराच्या पेशी?" एवढंच त्यांनी विचारलं आणि कप उचलून नेले.

गोवंड्यांचा गणपती पाच दिवसांचा, गौरींबरोबर जाणारा. तो वर्षानुवर्षं थोरल्याच्या घरी बसायचा. त्या वर्षी वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. शिवाय सुधन्वा बरा झाला होता. दादाने ठरवलं, "यंदा गणपती गाझियाबादला." सुनीतीला लग्नानंतर तीस वर्षांनी हा मान मिळाला. तिने महिनाभर आधी पडदे धुतले, तांब्याची भांडी चिंचेने घासली. वहिनी चार दिवस आधीच काठी टेकत राहायला आल्या, कारण सोवळ्याचं सुनीतीला जमेल याची त्यांना खात्री नव्हती.

चतुर्थीच्या आधीच्या रविवारी इंजेक्शन झालं. पुढचं थेट गौरी गेल्यावरच्या रविवारी होतं. डब्यात नव्या खोक्यातली सहा पेनं होती, तीन महिन्यांची बेगमी. सुधन्वा सणातही सकाळ-संध्याकाळ फ्रीज उघडत होता. मधल्या कप्प्यात डबा जागेवर होता, कडी लावलेली होती. थर्मामीटर चार दाखवत होतं. तो कागदावर चार लिहीत होता. हॉलमध्ये झांजा वाजत होत्या. पंगतीत दादा त्याला आग्रह करत होता, "घे रे, आता तुला कसली भीती," आणि त्याने मोदकावर तूप घेतलं होतं. आपल्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला सण, असं त्याने स्वानंदीला बोलून दाखवलं.

ऑक्टोबरच्या मध्यावर पहिलं रक्त दिसलं.

त्याला वाटलं, बाहेरचं काही खाल्लं असेल. आठवड्याने पाच वेळा जावं लागलं, मग आठ. डॉ. भसीनांनी तपासण्या केल्या, संसर्ग नाही म्हणाले. समोर सुधन्वा, शेजारच्या खुर्चीत सुनीती.

"दवा टाइम पर ली?"

"एक दिन इधर-उधर नहीं."

"कभी फ्रिज से बाहर रह गई? बिजली गई हो, कहीं ट्रैवल में?"

सुधन्वाने खिशातून कागदांची गुंडाळी काढली. जानेवारीपासूनचे सगळे अंश. डॉक्टरांनी पानं उलटली आणि कौतुकाने मान हलवली. "आपके जैसे चार पेशंट मिल जाएँ, बस." मग सुनीतीकडे पाहून त्यांनी सहज विचारलं, "भाभीजी, कुछ और? घर में आप ही संभालती हैं न?"

सुनीतीने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "नहीं जी," ती म्हणाली. "सब ये ही देखते हैं."

डॉक्टरांनी सांगितलं की काहींच्या शरीरात या औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि ते चालेनासं होतं. पंधरवड्याऐवजी दर आठवड्याला घेऊन पाहू. मग खोक्यातली उरलेली पेनंही दर रविवारी लागू लागली. सुनीती कापूस फिरवायची, दहापर्यंत मोजायची. आवाज बारीक झाला होता. ती आपल्या काळजीने खंगते आहे असं वाटून सुधन्वाच तिला धीर द्यायचा. "तू तुझं काम चोख करते आहेस. माझं शरीरच दगाबाज, त्याला तू काय करशील?"

नोव्हेंबरच्या अखेरीस त्याला उचलून रुग्णालयात न्यावं लागलं. दिवसाला सोळा वेळा, नुसतं रक्त. शिरेतून स्टिरॉइड सुरू केलं. तिसऱ्या दिवशीच्या सकाळी डॉ. भसीन आले ते एका सर्जनबाईंना बरोबर घेऊन. डॉक्टरांनी खुर्ची ओढली, त्यावरूनच सुधन्वा काय ते समजला.

स्टिरॉइडला आतडं दाद देत नव्हतं. अशा वेळी एक जोरदार बायोलॉजिक शिरेतून देऊन पाहतात. पण ते आधीच्या इंजेक्शनच्याच कुळातलं. "वो फेल हो चुकी है, वो भी पूरी डोज़ पर," डॉक्टर म्हणाले. "उसी खानदान की दूसरी पर दिन गँवाना ठीक नहीं. आँत फट गई तो जान का सवाल है." मोठं आतडं काढायचं आणि पोटावर पिशवी लावायची. पुढेमागे आतून जोडता येईल, पण आत्ता पिशवी. परवा सकाळी.

सर्जनबाईंनी पेनाने पोटावर उजव्या बाजूला एक खूण केली. इथे पिशवी येईल. इंजेक्शनच्या जागेपासून चार बोटं लांब.

त्या दिवशी चार वाजता भेटीची वेळ झाली तशी निधी सक्सेना आली. गोवंड्यांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी, चाळिशीची, मोकळ्या तोंडाची बाई. सुनीती औषधं आणायला खाली गेली होती. निधीने नारळपाणी ठेवलं, स्टुलावर बसली आणि डोळे पुसले.

"भाईसाहब, सब ठीक होगा. आपकी दवा में तो कोई कमी रही नहीं. मैंने भी कितना संभाल के रखी थी."

"आपने?"

"गणपति में. बड़े भाईसाहब दे गए थे न, कि ठंडे में रखना है. मैंने सोचा फ्रिज तो बच्चे दिन भर खोलते हैं. सीधा ऊपर फ्रीज़र में रखा, बर्फ के बीच में. पाँच दिन किसी को हाथ नहीं लगाने दिया. लौटाई तब भी डिब्बे पर बर्फ जमी थी, दीदी से पूछ लीजिए."

सुधन्वाने मान उशीवर टेकवली. निधीला वाटलं तो थकला. ती त्याच्या पायावरचं पांघरूण नीट करून निघून गेली.

तो छताकडे बघत राहिला आणि एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. मधला कप्पा. कडी लावलेला डबा. मग त्या डब्यात काय होतं? त्याला आठवलं, चतुर्थीच्या सकाळी सुनीतीने मोदकांसाठी सारण काढलं होतं ते त्याच डब्यातून. त्याला वाटलं होतं, तसलाच दुसरा डबा असेल. पाच दिवस तो नारळाच्या सारणाचे अंश मोजत होता.

सुनीती औषधाची पिशवी घेऊन आत आली. त्याने विचारलं, "निधीकडे खोकं कोणी नेलं?"

पिशवी तिच्या हातात तशीच राहिली. मग ती स्टुलावर बसली आणि सांगू लागली, पदराशी बोलल्यासारखं. वहिनी म्हणाल्या होत्या, उंदराच्या पेशींचं औषध नैवेद्याच्या शेजारी चालणार नाही, देवाचं आहे, नंतर काही वेडंवाकडं झालं तर? तिने आधी नाही म्हटलं. वहिनींनी दादांना मध्ये घातलं. दादा म्हणाले, पाच दिवसांचा प्रश्न, खाली निधीकडे ठेवतो, सुधन्वाला सांगू नका, तो सणात रणकंदन करेल. डबा घासून त्यात सारण भरा, म्हणजे त्याला चुकल्यासारखं वाटणार नाही.

"हे दादा म्हणाले?"

"हो."

"परत आलं तेव्हा बर्फ होता."

"हो. मी घाबरले. दादांना फोन केला. ते म्हणाले, वितळलं की झालं, पाणीच तर असतं, आता बोलून काय मिळणार."

"आत कागद असतो खोक्यात."

सुनीती पंचवीस वर्षं शाळेत शिकवत होती. कागद दिसला की वाचायचा, ही तिची सवय त्याला माहीत होती.

"त्यातलं पहिलं इंजेक्शन देताना वाचला होतास?"

"नाही. पहिलं देताना नाही."

"दुसरं देताना?"

सुनीतीने तोंड झाकून घेतलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने पाणी मागितलं, आयाने त्याला पाणी दिलं, पेला ठेवल्याचा आवाज झाला.

"सहा पेनं," तो म्हणाला. "दहा-दहा आकडे मोजून. आणि डॉक्टरने तोंडावर विचारलं तेव्हा सब ये ही देखते हैं."

"मला वाटलं, थोडं तरी लागू पडेल. मग रक्त आलं आणि... तेव्हा सांगितलं असतं तर दादांचं नाव आलं असतं. तुमच्यात आणि त्यांच्यात कायमचं... मी रोज ठरवत होते, अहो. रोज उठून ठरवत होते."

"सिस्टरना बोलव."

"अहो..."

"सिस्टरना बोलव, सुनीती. डॉक्टर सहाला घरी जातात."

डॉ. भसीन साडेपाचला आले. सुधन्वाने झोपूनच सगळं सांगितलं, टँकर का परत पाठवला याचा अहवाल द्यावा तसं. कुठे, कधी, किती दिवस. नावं मात्र घेतली नाहीत. "घर के लोगों ने," एवढंच म्हणाला. डॉक्टर काही वेळ चष्मा पुसत राहिले. त्यांनी सुनीतीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

"मतलब सितंबर से आपको दवा मिली ही नहीं, ऐसा मान के चलना पड़ेगा," ते सावकाश म्हणाले. "तो दवा फेल नहीं हुई. फेल हुई कि नहीं, हमें पता ही नहीं."

बाहेर जाऊन ते सर्जनबाईंशी बोलले. परत येऊन म्हणाले, आज संध्याकाळीच ते शिरेतलं बायोलॉजिक चढवू. तीन दिवस. रक्त कमी झालं नाही, पोट फुगलं, ताप चढला, तर त्याच तासाला शस्त्रक्रिया. रक्ताचा एक नमुना औषधाची पातळी पाहायला पाठवला. तो अहवाल नंतर आला. जवळपास शून्य.

दोन तास ते औषध थेंबाथेंबाने उतरत होतं. त्याच वेळात राजाभाऊ आला. सहासष्ट वर्षांचा, धापा टाकत, मफलर सुटलेला. सुनीतीने फोन केला होता. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"अरे, मला काय माहीत त्या बाईने फ्रीजरमध्ये कोंबलं असेल? मी ठंडे में म्हणालो होतो."

सुधन्वा सलाईनच्या बाटलीकडे पाहत होता.

"तुझी वहिनी जुन्या वळणाची. तिच्यापुढे माझं चालतं का कधी? आणि हेतू वाईट नव्हता. तुझ्यासाठीच गणपती तुझ्या घरी आणला ना आपण?"

"दादा, बर्फ होता हे तुला कधी कळलं?"

"आता तारखा विचारतोस?"

"गौरी गेल्या त्या दिवशी कळलं. ऑक्टोबरात मला रक्त जाऊ लागलं, तेव्हा तू फोनवर म्हणालास, सुधन्वा, तुझं पथ्य सुटलं असणार. मोदकावर तूप घेतलंस ना, असं म्हणालास."

राजाभाऊ मफलर नीट करू लागला. "वडील गेले तेव्हापासून तुझ्यासाठी काय नाही केलं मी? एक चूक झाली, तर..."

"ते सगळं मला पाठ आहे," सुधन्वा म्हणाला. "म्हणून तर मी तो डबा उघडून पाहिला नाही."

राजाभाऊ बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. भेटीची वेळ संपली तेव्हा रखवालदाराने त्याला उठवलं.

पहिल्या दिवशी चौदा वेळा. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी सात, आणि त्यातल्या दोन वेळा रक्त नव्हतं. सर्जनबाई रोज सकाळी येऊन पोट दाबून जायच्या. पाचव्या दिवशी त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मेरी वाली लकीर अब धो डालिए." त्याने आंघोळीत साबणाने ती खूण घासली. तिची निळसर सावली पुढे आठवडाभर राहिली.

स्वानंदी गुरुग्रामहून रोज येत होती. तिला सगळं कळलं होतं, पण एक गोष्ट उमगत नव्हती. "बाबा, सोवळं म्हणजे एक्झॅक्टली काय असतं? मोठ्या काकूला वाटलं इन्फेक्शन होईल?" सुधन्वाने सांगायचा प्रयत्न केला. देवाचं वेगळं, आपलं वेगळं, स्पर्श, ओलं वस्त्र. सांगता सांगता तो थांबला. "तुझ्या आईला विचार," तो म्हणाला. स्वानंदीने आईला विचारलं नाही. त्या दिवसांत आईशी ती फक्त जेवणाच्या डब्यापुरतं बोलत होती.

घरी सोडताना डॉ. भसीनांनी पुढचं विचारलं. शिरेतलं औषध आता दोन आठवड्यांनी, मग सहाव्या आठवड्याला, मग दर आठ आठवड्यांनी. त्यासाठी दिल्लीला यावं लागेल, अर्धा दिवस मोडेल. पुढे आतडं शांत झालं की घरी घ्यायच्या इंजेक्शनचा विचार करता येईल, गाझियाबादहून ये-जा वाचेल.

"नहीं डॉक्टर साहब. मैं यहीं आऊँगा."

"हमेशा? रिटायरमेंट के बाद भी? घर में आराम से..."

"घर में रखने की जगह नहीं है."

डॉक्टरांनी कागदावर तसं लिहिलं. सुनीती दाराशी सामानाच्या पिशव्या धरून उभी होती.

संक्रांतीनंतर तो पुन्हा कामावर रुजू झाला. शिडी आता दमाने चढायचा. ड्रायव्हरांनी हार आणला होता. करोल बागेतून दोनदा फोन आले, वहिनींनी तिळगूळ पाठवला. तिळगूळ शेजाऱ्यांत वाटला गेला. येत्या वर्षीचा गणपती कुठे बसणार हे कोणी कोणाला विचारलं नाही. फ्रीजच्या दारावरचा कागद त्याने स्वतः काढला, डिंकाचे डाग राहिले. स्टीलचा डबा सुनीतीने माळ्यावर टाकला.

घरात भांडण असं झालं नाही. तो तिच्याशी नीट बोलायचा. भाजी काय आणू, वीजबिल आलं का, स्वानंदी शनिवारी येतेय. सुनीतीने एकदा रविवारी सकाळी नऊ वाजता, हाताला सवय असल्यासारखं, स्पिरिटची बाटली कपाटातून काढली आणि परत ठेवली. त्याने ते वर्तमानपत्राआडून पाहिलं.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी दूध थोडं थोडं सुरू करायला हरकत नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीतीने दुधाचा चहा केला. आलं घातलं, साखर बेताची, तो आवडायचा तसा. कप त्याच्यासमोर ठेवला आणि ती ओट्याशी जाऊन उभी राहिली, पण पाठ फिरवली नाही.

सुधन्वाने कप उचलला. ओठांशी नेण्याआधी तो जरा वाकला आणि त्याने एक श्वास घेतला, टँकरचं झाकण उघडल्यावर घ्यायचा तसा.

मग त्याचं त्यालाच कळलं. त्याने वर पाहिलं. सुनीती पाहत होती.

"चांगलं आहे," तो म्हणाला, आणि चहा प्यायला.